गंगापूर रोडचं फ्लाइट सिम्युलेटर: जेट सोडा, पिवळं विमान मागा

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. खाली चार शब्द वाकडे लिहिलेत आणि चालवणारी पोरं नवीन आहेत, उगाच कुणाचा धंदा बसायला नको. गंगापूर रोडला जाऊन कुणालाही "ते विमानवालं कुठंय" विचारा, सांगतील.

तर दिवाळीत बहीण पुण्याहून आली होती, तिच्या पोराला फराळ नको, गोदाघाट नको, सोमेश्वर नको, मोबाइलमध्ये रील दाखवली त्याने, मामा इथे जायचं. म्हटलं चल. निघताना बाबांना सहज विचारलं तर ते चप्पल घालून माझ्या आधी गाडीत. बाबा ओझर मिगला होते, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा जोडणारे, एकतीस वर्षं. नाशिककरांना हे सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी लिहितो, ओझरला १९६४ साली एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला मिग-२१ ही फायटर जेट बनवायला, आणि तेव्हापासून स्टॉपचंच नाव पडलं 'ओझर मिग'. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ला चंदीगडला शेवटचा सलाम झाला तेव्हा बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत, आईने दोनदा ताट वाढलं अन् दोनदा झाकून ठेवलं. अशा माणसाला सिम्युलेटरवर नेणं म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याला मॅगी पॉइंटवर नेण्यासारखं, मला आधीच धाकधूक होती.

चौथा मजला. आत तीन मशीन. एक मोठ्या प्रवासी विमानाचं कॉकपिट, एक फायटर जेट, आणि कोपऱ्यात प्लायवूडचा एक खोका, त्याला पिवळा रंग दिलेला, वर तुटक्या पंखासारखं काहीतरी. जेटला अर्ध्या तासाचे १,२०० रुपये. पिवळ्या खोक्याला पाऊण तासाचे ८००. का स्वस्त ते विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सर ते कोणी घेत नाही.

भाच्याने जेट घेतलं. सांगण्यासारखं फार नाही, ग्राफिक्स चांगले, सीट हलते, चौथ्या मिनिटाला त्याने ते समुद्रात घातलं, परत सुरू केलं, परत घातलं, खाली उतरून "भारी होतं मामा" म्हणाला आणि मोबाइल काढला. १,२०० रुपये. सीटच्या वरचा एसी बंद होता आणि डोळ्यांना लावायच्या चष्म्याला आधीच्या गिऱ्हाइकाच्या तेलाचा वास, हे लिहून ठेवतो कारण बाकी सगळ्या रिव्ह्यूत नुसते पाच स्टार दिसतायत.

बाबा तोपर्यंत पिवळ्या खोक्याभोवती दोन चकरा मारून आलेले. शिकवणारा पोरगा पंचविशीचा असेल, स्वतःचं पायलट लायसन्सचं ट्रेनिंग पैशांमुळे अर्धवट राहिलंय असं नंतर बोलता बोलता कळलं. तो म्हणाला, "काका ते नका घेऊ, बोअर आहे, त्यात नुसतं उडायचं, गोल फिरायचं आणि उतरायचं, परत उडायचं." बाबा म्हणाले, "तेच पाहिजे."

माझं मत विचाराल तर त्या अख्ख्या दुकानात घेण्यासारखं तेवढंच आहे.

पिवळा खोका म्हणजे टायगर मॉथ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यातली पोरं ज्याच्यावर विमान शिकली ते दोन पंखी, दोन सीटचं विमान. पहिलं उड्डाण ऑक्टोबर १९३१, पुढे ८,००० च्या वर बनली. पंख लाकडाचे, त्यावर कापड ताणून वार्निशसारखा लेप दिलेला. इंजिन १३० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी एसयूव्हीएवढं. ब्रेक नाही. शेपटीला चाकसुद्धा नाही, नुसता एक दांडका, तो मातीत घासत घासत विमान थांबवायचा. रेडिओ नाही. पेट्रोलची टाकी डोक्यावर, वरच्या पंखाच्या मधोमध, किती उरलंय ते टाकीवरच्या काचेतल्या तरंगणाऱ्या बुचावर बघायचं. शिकवणारा पुढे बसायचा अन् शिकणारा मागे, आणि दोघांच्या मध्ये बोलायला एक रबरी नळी, गॉस्पोर्ट ट्यूब म्हणायचे तिला, पुढचा नळीत ओरडणार आणि ते मागच्याच्या कानात. इथे या पोरांना शंभर मार्क, त्यांनी खरंच एक नळी लावलीय, बहुतेक गॅसचीच असावी, आणि हेडफोन काढून त्यातूनच सूचना देतात. ऐकू नीट येत नाही. खऱ्या विमानात वाऱ्यात तर काय येत असेल.

सुरू करायची पण रीत आहे. खऱ्या विमानात एकजण खाली उभा राहून पंखा हाताने फिरवायचा, वर बसलेल्याला ओरडून विचारायचं स्विच ऑफ? मग वरून उत्तर, मग दोनचार फेरे, मग "कॉन्टॅक्ट", की झटका मारून मागे सरकायचं, चुकला तर हात गेला. पोराने हे सगळं फक्त एका बटणावर उरकलं. बाबांना ते आवडलं नाही. त्यांनी त्याला बाजूला उभं केलं आणि ओरडायला लावलं. अख्खं दुकान बघतंय. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

टेकऑफला गंमत झाली. थ्रॉटल दिला की विमानाचं नाक उजवीकडे पळायला लागलं. पोरगा लगेच, "सॉरी काका, कॅलिब्रेशन गंडलंय, आम्ही कंपनीला दोनदा मेल केलाय, बाकीच्या विमानांना डावीकडे जातं याला उलटं जातं." बाबा म्हणाले, "गंडलं नाही रे बाळा, बरोबर आहे ते." टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, अमेरिकन इंजिनं फिरतात त्याच्या विरुद्ध, म्हणून नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय दाबून धरावा लागतो. बाबांना हे कुठून माहीत, तर त्यांच्या शॉपमध्ये सुरुवातीला एक उस्ताद होते, हवाईदलातून रिटायर होऊन आलेले, त्यांनी तरुणपणी टायगर मॉथचे पंखे फिरवलेले, आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा त्यांना. पोरगा बिचारा दोन वर्षं लोकांची माफी मागत होता, विमान बरोबर असताना.

मग सर्किट. सरळ वर जायचं, डावीकडे वळायचं, परत डावीकडे, मैदानाला समांतर उलट्या दिशेने यायचं, परत वळायचं, परत, आणि उतरायचं. टेकलं न टेकलं की पुन्हा थ्रॉटल. याला ते लोक 'सर्किट्स अँड बंप्स' म्हणायचे, आणि बंप्स का म्हणायचे ते माझ्या पाठीला विचारा. बाबांनी पाच घेतली, मी शेवटची पंधरा मिनिटं बसलो. माझं पहिलं लँडिंग म्हणजे टेकून उडालं, परत टेकलं, परत उडालं, एसटी घोटीच्या पुढे खड्ड्यातून जाते तसं. मी तर खोक्यात होतो, खाली कार्पेट. खऱ्या पोरांना असे साधारण आठ ते बारा तास झाले की एके दिवशी पुढच्या सीटवरचा मास्तर उतरायचा, बेल्ट बांधून ठेवायचा आणि म्हणायचा जा एक चक्कर मारून ये. पुढची सीट रिकामी. वय अठरा-एकोणीस.

युद्धातलं ट्रेनिंगचं विमानतळ म्हणजे हेच होतं, दिवसभर, वर्षानुवर्षं, गोल गोल. त्याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही. या दुकानाच्या भिंतींवर पण बघा, मोठमोठी पोस्टरं आहेत, सगळी स्पिटफायर या ब्रिटिश फायटरची, सगळी लंडनवरच्या लढाईची, आग, धूर. अरे पण स्पिटफायर चालवणारा आला कुठून? आईच्या पोटातून विमान चालवत थोडाच आला, कुठल्यातरी गवताच्या मैदानात सहा आठवडे आपटत आपटत शिकूनच आला ना. हीच माझी मेन तक्रार आहे, एसीची नाही.

आणि दुसरी तक्रार त्याहून मोठी. पिवळ्या विमानाला मशीनमध्ये दोनच मैदानं आहेत, एक इंग्लंडचं हॅटफील्ड आणि एक कॅनडाचं. दोन्ही बरोबर आहेत, वाद नाही. हॅटफील्ड हे टायगर मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलँडचंच गाव आणि तिथे ट्रेनिंग स्कूल होतंच. मैदान पूर्ण गवताचं, रनवे असा नाहीच, वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उडायचं. नवशिक्याच्या हातात हलकं विमान, आडवा वारा लागला तर उलटंच व्हायचं, म्हणून. जमिनीवर पांढऱ्या रंगाचा इंग्रजी टी मांडलेला असायचा, तो वाऱ्याप्रमाणे फिरवायचे, वरून टी बघायचा आणि त्या दिशेने उतरायचं, कारण रेडिओ तर नाही. फार झालं तर खालून हिरवा-लाल दिवा दाखवणार. मशीनमध्ये हा टी आहे, झूम करून बघा, मस्त केलाय.

कॅनडाचं मैदान वेगळं. वरून बघितलं की तीन रनवेंचा त्रिकोण दिसतो. कारण तेच, वारा कुठूनही आला तरी तीनातला एक रनवे जवळपास त्या दिशेला सापडतो. डिसेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन चार महिने झाले नाहीत तोच, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी ओटावाला करार केला की पोरं कॅनडात शिकवायची. डोकं बघा त्यांचं. इंग्लंडचं आकाश छोटं, हवा खराब, वरून जर्मन विमानं कधी येतील नेम नाही, शिकाऊ पोराला त्यात कुठे सोडणार. कॅनडात जमीन मुबलक, शत्रू हजारो मैल लांब, पेट्रोल आणि इंजिनं शेजारच्या अमेरिकेतून. गव्हाच्या शेतांत धडाधड असे त्रिकोण उठले आणि युद्ध संपेस्तोवर तिथून १,३१,५५३ जण शिकून बाहेर पडले, पायलट, नॅव्हिगेटर, गनर, सगळे मिळून. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी कॅनडाला लोकशाहीचं विमानतळ म्हटलं होतं ते उगाच नाही.

आता मला सांगा, भारतातलं एकही मैदान का नाही? मशीन नाशिकमध्ये, गिऱ्हाईक नाशिकचं, आणि आमच्याकडे मैदानं नव्हती का? बेगमपेठ होतं, जोधपूर होतं, अंबाला होतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाईदल म्हणजे केवढं, एक स्क्वाड्रन, १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही. लग्नाच्या एका पंगतीत बसतील एवढे. तेही जुन्या वापिती विमानांवर. मग एकदम घाई. फ्लाइंग क्लबमध्ये हौसेने उडणारे पारशी, सरदार, संस्थानिकांची पोरं यांना व्हॉलंटियर रिझर्व्हमध्ये घेतलं, मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची असे समुद्रकिनारे राखायला सोडलं. १९४० मध्ये २४ भारतीय पायलट बोटीने ब्रिटनला पाठवले. पण अशा चमच्या-चमच्याने किती भरणार, शाळाच काढायला हवी होती. त्या काढल्या.

क्रम असा होता. आधी इनिशियल ट्रेनिंग, म्हणजे कवायत, गणित, नकाशे, मोर्स, ते लाहोरजवळ वॉल्टनला, नंतर हे काम पुण्याला आलं. मग एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल, एक नंबरची हैदराबादला बेगमपेठेत, दोन नंबरची जोधपूरला, दोन्हीकडे टायगर मॉथ. ही दोन गावंच का, तर दोन्ही संस्थानांची, तिथे विमानाची हौस आधीपासून. निजामाच्या राज्यात एरो क्लब होता, जोधपूरचे महाराज उमेदसिंह स्वतः पायलट, त्यांनी विमानतळ युद्धाच्या कितीतरी आधी बांधून ठेवलेलं. तयार मैदान, तयार हँगर, शिकवणारे तयार, आणि जोधपूरला तर वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र. तिथून पास झालं की अंबाला, सर्व्हिस फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल. तिथे हार्ट-ऑडॅक्स अशी जुनी लढाऊ दोन पंखी विमानं, मग हार्वर्ड आलं, ६०० हॉर्सपॉवर, एकच पंख, चाकं आत जाणारी. १३० वरून एकदम ६००. ल्यूनावर शिकून बुलेटवर बसल्यासारखं, शिवाय उतरताना चाकं खाली घ्यायची आठवण ठेवायची, आणि शाळेत काही पोरं विसरायचीच, विमान पोटावर घसरत जायचं. अंबाल्यानंतर पुढे पेशावर-रिसालपूरकडे लढाईचं विमान आणि तिथून ब्रह्मदेशाची आघाडी. युद्ध संपताना हवाईदल नऊ स्क्वाड्रनचं झालं होतं, माणसं साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. १४४ वरून. सहा वर्षांत.

या त्या काळच्या पोरांत आपले मुळगावकर पण होते, हृषीकेश मुळगावकर, १९४० ला हवाईदलात आले, ब्रह्मदेशात लढले, आणि १९७६ ते १९७८ हवाईदलाचे प्रमुख. बाबांना त्यांचं नाव घेतलं की अजून ताठ बसायला होतं, कारण ती मिगचीच वर्षं.

बेगमपेठेतून २००८ पर्यंत प्रवासी विमानं उडायची, नंतर हैदराबादचं नवं विमानतळ झालं. मी स्वतः ऑफिसच्या कामाला दोनदा बेगमपेठेला उतरलोय, टॅक्सीवाल्याशी भांडत बाहेर पडलोय, इथे कधी टायगर मॉथ गोल गोल फिरत होती याचा पत्ता नाही, एक पाटी मला दिसली नाही. अंबाल्याला २०२० मध्ये राफेल उतरली तेव्हा चॅनेलवाले दिवसभर ओरडत होते, पण ऐंशी वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी पोरं हार्वर्डमधून घाम गाळत होती हे मी ऐकत होतो तोवर तरी कोणी बोललं नाही. चॅनेलवाल्यांकडून अपेक्षा नाहीच म्हणा.

आणि नाशिककरांना हे कळायला अवघड का जावं? मी उपनगरला राहतो. गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरची शाळा आहे, कॅट्स, २००३ पासून. सकाळी चहा घेताना हेलिकॉप्टर डोक्यावर, येतं, थांबतं, वळतं, परत जातं, परत येतं. बाहेरगावचे पाहुणे गच्चीवर जाऊन विचारतात, कोण हरवलंय का, काय शोधतायत? शोधत नाहीत, शिकतायत. आम्हाला तो आवाज ऐकू येणं बंद झालंय, बंद पडला तर ऐकू येईल. देवळालीला तोफखान्याची पोरं शिकतात, त्या तोफा पण तशाच, पावसाळ्यात ढग गडगडला की तोफ, यावर घरात पैज लागते. १९४२-४३ ला बेगमपेठेच्या किंवा जोधपूरच्या लोकांचं असंच झालं असणार, पहिल्या महिन्यात सगळी पोरंटोरं मैदानाच्या कुंपणाला, नंतर कोण बघतंय.

आता मशीनच्या एका गोष्टीवर येतो जी खरंच भारी आहे. तुमचं उड्डाण झालं की ते लोक एक कागद प्रिंट करून देतात, त्यावर तुमच्या विमानाने कुठून कुठे रेघ मारली ते. सर्किट हे आयताकृती यायला हवं. बाबांचं पाचवं जवळपास आयत. माझं बघून बाबा म्हणाले गोदावरीचं पात्र काढलंयस का. पोराला वाटतं ही त्यांची आयडिया. नाही रे भावा, हे पण युद्धातलंच आहे.

अमेरिकेत बिंगहॅमटनला एडविन लिंक नावाचा माणूस होता, बापाचा ऑर्गन-पियानो बनवायचा कारखाना. याला विमानाचा नाद, पण शिकायला पैसे फार लागायचे. मग याने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते, हवेचे पंप, झडपा वापरून एक लाकडी खोका बनवला, त्याला छोटेसे पंख, आत बसून दांडा हलवला की भाते फुगतात आणि खोका झुकतो. आपल्या बाजाच्या पेटीचा भाता आठवा, त्याचाच हा थोरला भाऊ. हवाईदलाने ढुंकून बघितलं नाही, त्याने ते जत्रेत, करमणुकीच्या पार्कात विकले, नाणं टाका आणि विमान चालवा. मग १९३४ मध्ये अमेरिकन आर्मीच्या पायलटांना टपाल वाहायचं काम दिलं, हिवाळा, ढग, रात्र, आणि आतले काटे बघून आंधळं उडायची सवय नाही, काही आठवड्यांत बारा पायलट गेले. तेव्हा आर्मीने धावत जाऊन लिंकचे सहा खोके घेतले. महायुद्धात असे दहा हजारांच्या आसपास बनले, लांब लांबच्या ट्रेनिंगच्या मैदानांवर गेले, निळा खोका, पिवळे पंख. वरून झाकण लावायचे, आत अंधार, फक्त काटे. बाहेर टेबलावर मास्तर, आणि टेबलावरच्या नकाशावरून तीन चाकांचं एक यंत्र शाईची रेघ ओढत चालायचं, त्याला सगळे क्रॅब म्हणायचे, खेकडा. पोरगा झाकण उघडून घामाघूम बाहेर आला की मास्तर ती रेघ दाखवायचा, बघ, तुझ्या हिशोबाने तू घरी आलास, रेघेच्या हिशोबाने डोंगरात.

म्हणजे जत्रेत सुरू झालेला खोका हवाईदलात गेला, युद्ध जिंकून आला, आणि आता गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर परत जत्रेतच आलाय, ८०० रुपये पाऊण तास. मी हे पोराला सांगितलं तर त्याने लगेच मोबाइलवर निळ्या खोक्याचा फोटो शोधला आणि पाच मिनिटं आमच्याकडे लक्षच नाही. ती पाच मिनिटं पण आमच्या वेळेतूनच गेली.

त्यावरून आठवलं, वेळ. ४५ मिनिटं म्हणतात पण घड्याळ तुम्ही सीटवर बसल्या बसल्या सुरू होतं, बेल्ट, सूचना, सेल्फी सगळं त्यातच. हातात तीस-बत्तीस मिनिटं येतात. हे बरोबर नाही. सर्टिफिकेट देतात, त्यावर आमच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं, परत छापायचे ५० रुपये मागितले, मी नाही दिले. पायाचा डावा पेडल करकरतो, बाबांनी खाली वाकून बघितलं आणि पिनला ग्रीस नाही म्हणाले, तिथेच पोराकडे ग्रीस मागत होते, मी आवरलं त्यांना.

स्टॉल आणि स्पिन मात्र करूनच या. स्टॉल म्हणजे वेग इतका कमी करायचा की पंख विमान उचलायचं बंद करतात, टायगर मॉथमध्ये साधारण ताशी ६५ किलोमीटर, आपण द्वारकेच्या पुलावरून जातो त्या स्पीडला. नाक एकदम खाली पडतं. त्यातच एक पाय दाबून धरला की गिरकी सुरू, जमीन गोल गोल फिरत वर येते. मला वाटलं दांडा मागे ओढला की वर येईल. सगळ्यांना तसंच वाटतं आणि तिथेच माणूस मरतो. थ्रॉटल बंद, गिरकीच्या उलटा पाय, आणि दांडा पुढे, म्हणजे जमिनीकडेच ढकलायचा. मन मानत नाही. पहिल्यांदा मी मेलो, दुसऱ्यांदाही मेलो, तिसऱ्यांदा नळीतून बाबांचा आवाज आला, "पुढे ढकल, पुढे!" लहानपणी स्कूटर शिकवताना ओरडायचे तसाच, आणि वाचलो.

रात्रीचं मैदान पण आहे एक ऑप्शन, बटण कोपऱ्यात आहे म्हणून लोकांना सापडत नाही. अंधारात नुसती दिव्यांची एक ओळ दिसते. हे दिवे त्या काळी रॉकेलचे असायचे, झाडांना पाणी घालायच्या झारीसारखं भांडं, लांब चोच, चोचीत वात. गूजनेक म्हणायचे. संध्याकाळी माणसं जाऊन एकेक पेटवून यायची आणि वारा फिरला की सगळी ओळ उचलून दुसरीकडे मांडायची. मशीनमध्ये ते थोडे फडफडतात पण, ज्याने कोणी केलंय त्याने अभ्यास केलाय.

खाली उतरल्यावर बाबांनी पोराला एक प्रश्न विचारला, टायगर मॉथनंतर आपल्या हवाईदलात पोरं कशावर शिकली? त्याला नाही आलं, मलाही अर्धवटच माहीत होतं. एचटी-२. एचएएलने बेंगळुरूला बनवलेलं, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि डिझाइन कोणाचं तर विष्णू माधव घाटगे यांचं, कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल या विमानशास्त्रातल्या मोठ्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकून आलेला. आणि एचएएल स्वतः काढली १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी, सोलापूरचे, तीही युद्धाच्याच धामधुमीत, आणि त्या कारखान्यातून पहिल्यांदा जे विमान जोडून बाहेर पडलं ते फायटर नव्हतं, बॉम्बर नव्हतं, हार्लो नावाचं ट्रेनिंगचंच विमान. हे सगळं बाबा एका दमात बोलले. आणि मग हळूच, आता एचटीटी-४० हे ट्रेनिंगचं नवं विमान आपल्या ओझरला बनायला लागलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये लाइनचं उद्घाटन झालं, तेजसच्या लाइनबरोबरच. पेपरवाल्यांनी फोटो तेजसचाच छापला, साहजिक आहे. पण हवाईदलाने ७० मागवलेत ते एचटीटी-४०, पोरांना शिकवायला.

पोराने विचारलं, "काका, तुम्ही एकदा येऊन आम्हाला हे सगळं लिहून द्याल का, भिंतीवर लावतो, स्पिटफायर काढून." बाबांनी घरी आल्यावर कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला साडेतीन पानं लिहून ठेवलीत, बेगमपेठ-जोधपूर-अंबाल्याचा नकाशा हाताने काढलाय, वाऱ्याचा बाण सकट. फोन अजून आलेला नाही. दर शनिवारी मला विचारतात.

पिवळ्या विमानाला चार स्टार, जेटला दोन. मैदान मागताना हॅटफील्ड मागा, आणि घड्याळ विमान हलल्यावर सुरू करा असं आधीच बोलून घ्या. सोमवारी बंद. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा जिना अरुंद आहे. गाडी रस्त्यावर लावू नका, उचलून नेतात, मागच्या गल्लीत मंगल कार्यालयासमोर जागा मिळते, लग्नाची तिथी नसेल तर. आणि डाव्या पेडलला ग्रीस लावलं का ते जाल तेव्हा मला खाली कळवा, बाबांना सांगायचंय.